तीन चाकी गाडी आणि आपली नजर

आमच्या दहिवलीत पावसाळ्यातला रविवार म्हणजे बाइकवाल्यांचा दिवस. मुंबईकडून चौकमार्गे आणि पुण्याकडून खोपोली-पळसदरीमार्गे तरुणांचे तांडे येतात. कोणी भिवपुरीच्या धबधब्याला जातो, कोणी कोंढाण्याच्या लेण्यांकडे. रस्त्याच्या कडेला उभी असलेली आपली पोरे गाड्यांची नावे, सीसी आणि किमती पाठ म्हणून दाखवतात. त्याच रस्त्याने, त्याच पावसात, बाजूला जादा चाके लावलेली एक स्कूटर जाते. तिच्यावरचा माणूसही रेनकोट घालून, हेल्मेट लावून गाडीच चालवत असतो. पण त्याची गाडी कोणती हे कोणी बघत नाही. नजर आधी जाते ती त्याच्या पायांकडे.

या लेखात मला त्या नजरेबद्दल लिहायचे आहे. आरोग्याच्या पानावर नजरेचे काय काम, असे कोणी विचारील. मी आधी वॉर्डात नर्स म्हणून काम केले आणि नंतर वस्त्यांमधून फिरले. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. या नजरेला घाबरून माणसे लागणारे साधन वापरत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, जखमा लपवतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणून ही नजर हा आरोग्याचाच विषय आहे.

गाडी कोणती, माणूस कोण

ही गाडी म्हणजे बाजारात मिळणारी साधी बिनगिअरची स्कूटर. काही गाड्यांत मागचे चाक काढून त्या जागी दोन चाकांचा आस बसवतात. काहींत मूळ चाक तसेच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक चाक लावतात, म्हणजे मोजायला गेलात तर चाके चार होतात. बोलण्यात मात्र सगळ्यांना आपण तीन चाकीच म्हणतो. पायाने तोल सावरता येत नाही, म्हणून तोल गाडीनेच सांभाळायचा, एवढीच त्यामागची युक्ती. बाकी ब्रेक, अॅक्सिलरेटर, आरसा, हॉर्न, लायसन्स, विमा सगळे तुमच्या-आमच्या गाडीसारखेच. कायद्यात पूर्वी या गाडीला अपंगाचा गाडा म्हणावे असा इंग्रजी शब्द होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तो शब्द जाऊन ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाचा शब्द आला. कायद्याने गाडीकडे बघण्याची नजर बदलली. आपली बदलायची आहे.

या गाड्यांवर बसणारी एक पिढी पोलिओची आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे पोलिओने पाय गेलेली बहुतेक माणसे आज चाळिशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दुसरी पिढी अपघाताची आहे. कोणी बांधकामावरून पडला, कोणी झाडावरून, कोणी लोकलमधून, आणि कितीतरी जण दोन चाकी गाडीवरून. मणक्याला मार लागलेल्या तरुणांशी बोलून पाहा. त्यातला एखादा काल-परवापर्यंत याच रस्त्यावरचा बाइकवाला होता.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अपंग व्यक्तींचे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. हा फरक आभाळातून पडलेला नाही. जिथे लस उशिरा पोचते, पोषण अपुरे असते आणि अंगमेहनतीची धोक्याची कामे वाट्याला येतात, तिथे अपंगत्व जास्त असते. तेव्हा हा विषय दुसऱ्या कोणाचा नाही, आपल्याच वस्तीचा आहे.

तीन प्रकारची नजर

पहिली नजर कीव करणारी. “बिचारा, एकटाच निघालाय.” पेट्रोल पंपावर, दुकानात, दवाखान्यात अनोळखी माणूससुद्धा विचारतो, “कशानं झालं हो?” पन्नाशीच्या गृहस्थाला विशीतला पोरगा ‘अरे-तुरे’ करतो. सोबत कोणी असेल तर प्रश्न सोबतच्यालाच विचारतात, जणू गाडी चालवत आलेल्याला बोलताच येत नाही.

दुसरी नजर वैतागाची. पुलावर किंवा बाजारात ही गाडी पुढे असली की मागून हॉर्नचा भडिमार सुरू होतो. “झेपत नाही तर कशाला बाहेर काढतात गाडी!”

तिसरी नजर संशयाची. गाडीवर बसल्यावर पाय दिसत नाहीत, माणूस धडधाकट वाटतो. मग राखीव जागेत गाडी लावली की कुजबुज होते, “याला काय झालंय? मस्त तर चालवतोय.” तोच माणूस कुबड्या घेऊन उतरला की संशय संपतो आणि पुन्हा कीव सुरू होते.

आता दोन बाइकवाले चहाच्या टपरीवर भेटले की काय बोलतात ते आठवा. “किती देते?” “सर्व्हिसिंग कुठं करता?” “घाटात कशी ओढते?” तीन चाकीवाल्याला हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरे तर त्याच्याकडे सांगायला जास्त असते. जादा चाके लावल्यावर मायलेज किती उतरते, चढावर गाडी कशी वागते, सुटे भाग कुठे मिळतात, कोणता मेकॅनिक ही चाके नीट बसवतो, हे त्याला पाठ असते. मी एका उपासकाला असे काही विचारले तेव्हा ते अर्धा तास गाडीवरच बोलत राहिले. निघताना म्हणाले, “ताई, पायाबद्दल न विचारता गाडीबद्दल विचारणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं.”

हे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. अमेरिका-युरोपात तीन चाकी मोटारसायकली मोठ्या कंपन्या बनवतात. इटलीच्या पियाजिओ कंपनीने २००६ साली पुढे दोन चाके असलेली स्कूटर आणली. हार्ले डेव्हिडसनची तीन चाकी गाडी तर १९३२ पासून चार दशके बनत होती आणि तिकडचे पोलीस ती वापरत. तरीही तिथले जुने बाइकवाले तीन चाकांवरच्या माणसाला “हा काही खरा बाइकवाला नव्हे” असे म्हणतात. गुडघे गेल्यामुळे किंवा वय झाल्यामुळे तिसरे चाक घेतलेल्या माणसाला तिथेही टोमणे ऐकावे लागतात. फरक एवढाच, की तिकडे त्याला निदान कच्चा बाइकवाला तरी म्हणतात. आपल्याकडे तो चालकांच्या हिशेबातच धरला जात नाही.

ती गाडी हळू का चालते

हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी थोडे समजावून सांगते. दोन चाकी गाडी वळताना आतल्या बाजूला झुकते आणि त्या झुकण्यावरच वळणात तोल राहतो. जादा चाके लावलेली गाडी अशी झुकत नाही. वेगात वळवली तर आतले चाक उचलले जाते आणि गाडी बाहेरच्या बाजूला उलटू शकते. म्हणून वळणावर वेग कमी करावाच लागतो. खड्ड्यांचेही तसेच आहे. दोन चाकीवाला दोन खड्ड्यांच्या मधून गाडी काढतो. तीन चाकीची चाके तीन रेषांत धावतात. एक वाचवले तर दुसरे खड्ड्यात जाते, आणि तो हादरा थेट कमरेला बसतो. ज्याला पाय टेकून गाडी सावरता येत नाही, तो सांभाळूनच चालवणार. तो भित्रा नाही, त्याला त्याची गाडी समजते. आपल्या रस्त्यावर अशी समज असलेले चालक वाढले तर बरेच होईल.

नजरेची किंमत शरीर मोजते

आता नर्स म्हणून बोलते.

पोलिओ झालेल्या माणसांना अनेक वर्षांनी, कधी तीस-चाळीस वर्षांनी, नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. लवकर थकवा येतो, स्नायू दुखतात, जो पाय किंवा हात चांगला होता तोही कमजोर होतो, थंडी सोसत नाही. डॉक्टर याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. उरलेली ताकद जपून वापरणे हाच मुख्य उपाय. म्हणजे लांबच्या अंतराला गाडी, घरात कॅलिपर किंवा कुबडी, मधेमधे विश्रांती. पण ज्याने लहानपणापासून “मी कोणापेक्षा कमी नाही” हे दाखवण्यासाठी गुडघ्यावर हात दाबत मैलभर चालण्याची सवय लावून घेतली, त्याला तीन चाकी घेणे म्हणजे हरणे वाटते. चार लोक काय म्हणतील या धास्तीने तो पाच-सात वर्षे काढतो. तेवढ्यात खांदे जातात, आणि खांदे गेले की कुबड्याही सुटतात.

मणक्याला इजा झालेल्यांचा प्रश्न वेगळा. कमरेखाली संवेदना नसल्याने बसून बसून कातडी दबते, रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोर होतो. पायाला सायलेन्सर भाजला तरी कळत नाही. घरी येऊन बूट काढल्यावर फोड दिसतो. अशी जखम लाजेपोटी आठवडाभर दाखवली नाही तर ती हाडापर्यंत जाते.

आणि लघवीचा प्रश्न. बाहेर पडल्यावर चाकाची खुर्ची किंवा कुबड्या घेऊन जाता येईल असे स्वच्छतागृह मिळत नाही. कोणाची मदत मागायची लाज वाटते. मग माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि मुतखडा होतो. बायकांचे तर आणखी कठीण. मुळात घरात गाडीसाठी पैसे जमले तर ते मुलाच्या बाइकसाठी जातात. पोलिओ झालेल्या मुलीला “तुला कुठं जायचंय?” म्हणून घरीच बसवतात. घरी बसलेली मुलगी शिक्षणाला मुकते, नोकरीला मुकते आणि मनाने खचते. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा आहे, पण दहिवलीतून उल्हास नदीवरचा पूल ओलांडून त्या डब्यापर्यंत पोचायला आधी स्वतःची गाडी हवी.

मागच्या जन्माचे ओझे

ही नजर येते कुठून? तिच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. अपंगत्व म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ. जन्माने जात आणि पापाने पांगळेपण, दोन्ही एकाच गिरणीतले पीठ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाच्या विचारात बसत नाही, असे सविस्तर मांडले आहे. आपण जातीच्या बाबतीत ते मनापासून मानतो. मग घरात अपंग मूल जन्मले की “कुणाचं काय वाईट केलं होतं” हे वाक्य आपल्या आया-बायांच्या तोंडी अजून कसे येते?

याची दुसरी बाजू म्हणजे गोड नाव देणे. २०१५ साली पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द पुढे आणला आणि आता तो सरकारी कागदावर रूढ झाला. अपंग हक्कांच्या चळवळीतील अनेकांनी त्याला विरोध केला. आम्ही दिव्य नाही, आम्हाला रॅम्प हवा, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. आपल्यालाही एकदा ‘हरिजन’ असे देवाचे नाव देण्यात आले होते. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत ते नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. नाव देवाचे आणि वागणूक तीच, हा सौदा आपण नाकारला. मग शेजारच्या माणसाच्या बाबतीत तो कसा चालवून घेतो?

कायद्यातही हे नाते दिसते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला माहीत आहे. लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान केला तर किमान ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा उघडून कलम ९२ वाचा. चार लोकांसमोर अपंग व्यक्तीला मुद्दाम अपमानित केले तर शिक्षा तीच, किमान ६ महिने ते ५ वर्षे आणि दंड. शब्दरचनासुद्धा सारखी आहे. ‘लंगड्या’ म्हणून हाक मारणे हा विनोद नाही, हे कायद्याने मान्य केले आहे.

आणि आपली परंपराही हेच सांगते. कोसंबीच्या राणीच्या पदरी उत्तरा नावाची एक दासी होती. पाठीला पोक, म्हणून लोक तिला खुज्जुत्तरा म्हणत, म्हणजे कुबडी उत्तरा. नावाच्या आधी व्यंग चिकटवण्याची खोड इतकी जुनी आहे. तथागतांनी मात्र बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले. दासी असलेल्या, पाठीत वाकलेल्या बाईकडून राजवाड्यातल्या स्त्रिया धम्म शिकल्या. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले, हीही कथा आपण ऐकतो. ते लांब उभे राहून चुकचुकले नाहीत. करुणा आणि कीव यांत फरक तो हाच. करुणा हात पुढे करते, कीव वरून खाली बघते. आणि करुणेच्याही पुढे धम्मात मैत्री आहे. मैत्री बरोबरीच्या माणसांत होते.

शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना काठीचा आणि माणसाचा आधार घ्यावा लागत होता. त्या आधाराने उभे राहूनच त्यांनी नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली. आधार घेतल्याने कोणी लहान होत नाही, याहून मोठा पुरावा आपल्याला कोणता हवा?

सुरुवात आपल्या वस्तीतून

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपले घर बघू. १४ एप्रिलला गावोगाव बाइक रॅली निघते. निळे झेंडे लावलेल्या बाइक पुढे असतात. तीन चाकीवाल्याला आपण प्रेमाने सांगतो, “दादा, तुम्ही मागून आरामात या.” रॅली सुसाट जाते आणि तो एकटा मागे राहतो. मी म्हणते, यंदा तीन चाकी गाड्या सगळ्यात पुढे ठेवा आणि रॅलीचा वेग त्यांच्या वेगाने ठरवा. मिरवणूकही शिस्तीत जाईल आणि पोरांची हाडेही शाबूत राहतील.

दुसरे, विहार. वर्गणी काढून आपण विहारे बांधतो, पण दारात चार पायऱ्या ठेवतो. विहाराला उतार आणि कठडा हवा, आणि गाडी थेट दारापर्यंत आणता यावी. उतार करताना लक्षात ठेवा, एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. नाहीतर तो रॅम्प राहत नाही, घसरगुंडी होते. कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत ज्यांचे पाय पोचू शकत नाहीत, त्यांना निदान वस्तीतला बुद्ध तरी हाताशी असू द्या.

तिसरे, हक्काचा पैसा. ग्रामपंचायत असो वा नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंग व्यक्तींसाठी खर्च करणे त्यांना बंधनकारक आहे. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत किंवा अर्ज करून विचारा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागतात, त्यात मंडळांनी सोबत करावी. गाडीला चाके लावल्यावर आरटीओकडून आरसी बुकात तशी नोंद करून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येते.

तीन चाकी चालवणाऱ्या बंधू-भगिनींना माझ्या पेशातल्या चार गोष्टी. चाके आहेत म्हणून गाडी पडणार नाही असे समजू नका, हेल्मेट रोज घाला. संवेदना नसेल तर पूर्ण पँट आणि बूट घाला, पाय पायठाणावर मऊ पट्ट्याने स्थिर ठेवा, सायलेन्सरच्या बाजूचा पाय रोज रात्री तपासा. लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाला थांबून हातांवर जोर देत बूड उचला आणि घरी आरशात कातडी बघा, लाल डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी कमी करू नका.

आणि बाइकवाल्या पोरांनो, तुमच्यासाठी एकच काम. पुढच्या वेळी सिग्नलला किंवा टपरीवर तीन चाकीवाले काका किंवा ताई शेजारी येऊन थांबल्या, तर पायांकडे बघू नका. “किती देते?” एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.